एक्स्प्रेस म्हणणाऱ्यांनो, रूळ कुठाय?

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. 8 ऑक्टोबर 2010, दिल्ली, राष्ट्रकुल स्पर्धा. दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या. 33 मिनिटं 5.28 सेकंद आणि ब्राँझ. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय बाई ही आदिवासी पोरगी. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 31 मिनिटं 51.44 सेकंद, रौप्य. सुवर्णवाली प्रीजा श्रीधरन पुढे होती ती एका सेकंदाहून कमीनं.

पेपरवाल्यांनी बारसं उरकलं : सावरपाडा एक्स्प्रेस. सावरपाड्याला रेल्वे नाही. पेठला नाही, सुरगाण्याला नाही, आमच्या वणीलाही नाही. रूळ टाकायचा नाही आणि पोरीलाच गाडी म्हणायचं, ही यांची जुनी खोड.

मग गोष्ट रचली. डोक्यावर हंडा, पाय अनवाणी, डोंगराची वाट, आणि त्यातून घडली धावपटू. वाचणाऱ्याचे डोळे ओले. हंडा मात्र तिथंच.

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो. माझ्याबरोबर शेकडो उचलतात. एकही वेटलिफ्टर झाला नाही, कमरेतून गेलेले मात्र मोजून दाखवतो. हंडा वाहून चॅम्पियन होत असते तर सुरगाणा-पेठच्या घराघरात पदकं टांगली असती. वणीच्या नाक्यावर पहाटे द्राक्षबागेच्या कामाला पिकअपमध्ये कोंबलेल्या बाया आशिया जिंकून आल्या असत्या. कविताला घडवलं ते तिच्या जिद्दीनं आणि नाशकात विजेंदर सिंग नावाच्या कोचनं, रोजच्या घासून केलेल्या सरावानं. दारिद्र्याला कोच म्हणणाऱ्यांचा डाव ओळखा. दारिद्र्यच कोच असेल तर सरकारला खर्च कशाला?

आता इनडोअर शर्यत बघा. छताखाली 200 मीटरचा ट्रॅक, वळणं तिरपी उचललेली. तीन हजार मीटरला पंधरा फेऱ्या. वळण सारखं अंगावर येतं, पाय कुठं टाकायचा, कोपर कुठं सांभाळायचं, हे त्याच ट्रॅकवर पळून पळून कळतं. 1985 साली पॅरिसच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत बायकांची ही शर्यत झाली, तेव्हापासून जग पळतंय. आमच्या पाड्यातल्या पोरीला असा ट्रॅक बघायचा तरी विमानात बसावं लागायचं, नाहीतर थेट ओडिशा गाठावं लागतं. मग ती आठवी आली की म्हणणार, दम कमी पडला.

दमाची भाषा कुणाची, तेही ऐका. 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर पळल्या. बायका कोसळल्या अशा बातम्या फुगवून छापल्या आणि शर्यतच बंद केली. 1960 पर्यंत बंद. बाईच्या देहाला झेपत नाही म्हणे! त्याच्या सात महिने आधी, 25 डिसेंबर 1927 ला, बाबासाहेबांच्या साक्षीनं महाडात मनुस्मृती जळाली होती. साहेबी टोपीतला मनू मात्र ऑलिम्पिकच्या कमिटीत बसून होता. बायकांना ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन मिळाली 1984 ला, दहा हजार मीटर 1988 ला. तोवर आमच्या आया खडी फोडत होत्या, विटा वाहत होत्या. तेव्हा झेपतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

कविता 2016 ला रिओला मॅरेथॉन पळली. ओएनजीसीनं तिला नोकरी दिली होती, खरंय. पण राज्याच्या नोकरीसाठी 2024 साली, पदकानंतर चौदा वर्षांनी, तिला जाहीर सवाल करावा लागला : आदिवासी म्हणून डावललं का? हार घालायला जात आड येत नाही. ऑर्डर काढताना येते.

तेव्हा कौतुक पुरे. आम्हाला हवंय ते लिहून घ्या. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, प्रत्येक तालुक्याला ट्रॅक. आश्रमशाळेत शिकलेला कोच, बूट, पोटभर अंडी-दूध. पाड्यात नळ, म्हणजे पोरीची सकाळ तिच्या मालकीची. आणि पदकवाल्या पोरीची ऑर्डर तिच्या हातात, तारखेनिशी.

पोरी पळायला तयार आहेत. वाटेतून तुम्ही बाजूला व्हा.