आधी कोंबडा, मग चॉसर

शनिवारी मुरुडला गेलो होतो (जंजिऱ्याच्या, दापोलीच्या नव्हे). बी.ए. इंग्रजीवाली भाची 'कँटरबरी टेल्स'चं गाईड घोकत बसलेली. २४ पैकी एकही गोष्ट वाचलेली नाही! म्हणे सर आधी 'कालखंडाची वैशिष्ट्ये' उतरवून देतात.

कसली डोंबलाची वैशिष्ट्ये? चौदाव्या शतकातली वारीच ती: सरदार, नन, गिरणीवाला, स्वयंपाकी एकत्र निघालेत, ज्याची गोष्ट सरस, त्याला बाकीच्यांनी जेवण द्यायचं. भाषा जुनी, कठीण, मान्य. मग आजच्या इंग्रजीतलं वाचून दाखवा की!

मी तिला त्यातली कोंबडा-कोल्ह्याची गोष्ट सांगितली. स्तुतीने फुगून, डोळे मिटून आरवणारा कोंबडा कोल्ह्याच्या तोंडी सापडतो, मग त्यालाच बोलायला लावून सुटतो. पोरगी खिदळली, वर "पुढची कुठली, मामा?"

सर, सोमवारी हीच सांगा. वैशिष्ट्ये दिवाळीनंतर.