जोडधंद्याचा नफा म्हणजे घरातल्या बाईची बुडवलेली मजुरी



सध्या जिकडं जावं तिकडं एकच उपदेश ऐकू येतो. नुसत्या शेतीवर भागत नाही, जोडधंदा करा. दोन गायी बांधा, दहा शेळ्या पाळा, शंभर गावरान कोंबड्या सोडा, घरच्या बाया पापड-लोणची करतील. मेळाव्यात तेच, मोबाइलवरच्या व्हिडिओत तेच, बँकेत द्यायच्या प्रकल्प अहवालातही तेच. नुसत्या शेतीवर भागत नाही हे कुणी सांगायची गरज नाही, ते आपण रोज भोगतोय. माझं भांडण जोडधंद्याशी नाही. त्याच्याखाली जो हिशेब मांडला जातो, त्याच्याशी आहे.

त्या हिशेबात पेंड असते, औषध असतं, विमा असतो, गोठ्याचे पत्रे असतात. मजुरीच्या रकान्यात मात्र दोनच शब्द असतात: "घरचे मजूर". आणि पुढं रक्कम शून्य.

हे घरचे मजूर म्हणजे कोण? तुमची-माझी बायको, आई, सून. पहाटे शेण काढणारी, दुपारी वैरणीचा भारा आणणारी, संध्याकाळी धारेला बसणारी. तिच्या कष्टाचं मोल शून्य धरायचं आणि खाली जी रक्कम उरते तिला नफा म्हणायचं. मी म्हणतो, हा नफा नाही. ही बुडवलेली मजुरी आहे.

झोंबेल कुणाला तरी. पण आधी हिशेब बघा.

दोन संकरित गायी धरा. आकडे मी माझ्या भागातले अंदाजे घेतलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. दुभत्या काळात गायीमागं सरासरी १२ लिटर दूध, ३०० दिवस, भाव ३० रुपये. दोन गायींचे झाले २ लाख १६ हजार. खुराक दुभत्या गायीला दिवसाला ५ किलो, भाकड काळात २ किलो, ३२ रुपये किलोनं दोघींचे वर्षाला साधारण १ लाख ४ हजार. औषधपाणी, रेतन, विमा, खनिज मिश्रण मिळून १२ हजार. उरले बरोबर १ लाख.

व्हिडिओ इथंच संपतो. "दोन गायींतून वर्षाला लाख रुपये!"

आता पुढचा हिशेब आपण करू. चारा घरचा असला म्हणून फुकटचा होत नाही, त्या रानात दुसरं काहीतरी पिकलं असतं. गायीला रोज २० किलो हिरवा चारा साडेतीन रुपयानं आणि ५ किलो कडबा आठ रुपयानं, म्हणजे दिवसाला ११० रुपये. दोन गायींचे वर्षाचे ८० हजार ३००. लाखातून वजा करा. उरले १९ हजार ७००.

आता कष्ट. शेण-झाडलोट एक तास. वैरण कापून आणायला एक तास. कुट्टी, खुराक, पाणी एक तास. दोन वेळची धार आणि डेअरीवर दूध घालणं एक तास. दिवसाला चार तास, आणि गायीला रविवार नसतो, दिवाळी नसते. वर्षाचे १४६० तास. आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बाईला सहा तासांचे ३०० रुपये पडतात, म्हणजे तासाला ५०. झाले ७३ हजार. यातला काही वेळ गड्याचा असतो, पण सगळा बाईच्याच दरानं धरलाय. म्हणजे मजुरी जास्त नव्हे, कमीच धरली.

१९ हजार ७०० मधून ७३ हजार गेले की ५३ हजार ३०० रुपयांचा तोटा. तीन ट्रॉल्या शेणखताचे १२ हजार जमा धरले तरी ४१ हजार ३०० तोटाच. वासराचं मोल मी धरलं नाही, तसंच गायीच्या कर्जाचं व्याज आणि गोठ्याची झीजही धरली नाही.

म्हणजे लाखाच्या नफ्यात ८० हजार आपल्याच रानाचे होते, आणि बाकीचे तिच्या हाडांचे. मजुरी पुरी निघायला जेवढे पैसे लागले असते, तेवढेसुद्धा त्यात नव्हते.

आता कुणी म्हणेल, "घरच्या माणसाला कुठं मजुरी द्यायची असते का? आपलं आपण करतो." बरं. मग एक सांगा. हमीभावासाठी आपण सरकारशी कशावरून भांडतो?

कृषी सहायकांना आणि केव्हीकेतल्या साहेबांना हे पाठ आहे, पण सगळ्यांसाठी सांगतो. कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च तीन तऱ्हांनी काढतो. ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. ए-२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या कष्टाचं मोल धरलेलं. आणि सी-२ म्हणजे त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरलेलं. २०२५-२६ ला सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३५५२ रुपये धरून त्याच्या दीडपट, म्हणजे ५३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला. तो ए-२ अधिक एफएलवर. आपण म्हणतो सी-२ धरा. स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन सी-२ अधिक पन्नास टक्के मागतो. बरोबरच आहे ते, मीही मागतो.

पण बघा, ज्या सरकारला आपण शिव्या घालतो ते निदान कागदावर तरी एफएल धरतं. आपण आपल्या गोठ्याच्या वहीत तेवढंही धरत नाही. दिल्लीकडं सी-२ मागायचा आणि घरात ए-२ वर थांबायचं, हे कसलं आंदोलन?

आणि याची किंमत फक्त बाईच मोजत नाही, सगळं शेतकरी घर मोजतं. दुधाचा भाव ठरतो तेव्हा घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हा माणूस मजुरी मोजत नाही. पेंडीचे पैसे फिटले आणि हातात थोडे उरले की हा गप बसतो. म्हणून भाव तिथवरच येतो. शहरातलं स्वस्त दूध आपल्या बायकांच्या न मोजलेल्या तासांवर उभं आहे. मजुरी लिहिली नाही तर मागणार कशी? वहीत तोटा दिसला तर तो मांडता तरी येतो. लपवलेला तोटा घेऊन कुणापुढं उभं राहायचं?

दुसरा आक्षेप नेहमीचा. "बायांना दुपारी वेळ असतो, तेवढाच संसाराला हातभार." कुठला वेळ, दादा? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशभरात घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसली. पुरुषाची ९७. ही पाच तास फक्त घरच्या बिनपगारी कामाची. खुरपणी, वेचणी, विकायच्या दुधासाठी गुरांमागचं काम त्यात नाही. त्यात गोठ्याचे तीन-चार तास घाला आणि झोपेला किती उरतात ते मोजा. रिकामा वेळ बाईला नसतो, पारावर असतो.

इमू आठवतो का? २०१२ ला तामिळनाडूत पेरुंदुराईचा फुगा फुटला, आपल्याकडचेही पोळले. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथाचं तेच झालं. तेव्हापासून आपण बाहेरच्या माणसाचा हिशेब तपासायला शिकलो. घरातला हिशेब मात्र अजून तपासत नाही.

आता खरं बोलायचं तर घरात पैसा वाढवायचे दोन रस्ते असतात. एक, नवीन कमाई. दुसरा, असलेल्याची गळती बंद करणं. पहिल्या रस्त्याला तिचे तास लागतात. दुसऱ्याला बहुतेक वेळा आपली शिस्त लागते, गड्यांची. म्हणून उपदेश पहिल्याचा जास्त होतो. दुसऱ्यातल्या तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, पीककर्ज. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. एक तारीख चुकली की ही सवलत गेली. आणि तेच ५० हजार शेकडा तीननं बाहेरून उचलले, तर आठ महिन्यांचं व्याज १२ हजार. बारा हजार वाचवायला कुणाला पहाटे उठून शेण काढावं लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहावी लागते.

दुसरी, बियाणं. सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं घरचं वापरता येतं. एकरी ३० किलोच्या बॅगेचा भाव आणि ३० किलो घरच्या दाण्याचा भाव, दोन्ही शेजारी लिहा. फरक किती ते तुम्हालाच दिसेल. अट एवढीच: भेसळीची झाडं उपटलेला चांगला पट्टा वेगळा काढा, मळणीयंत्राचे फेरे ३५० ते ४०० च्या वर जाऊ देऊ नका, दाणा चांगला वाळवा, पोती आपटू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा, थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको. पेरणीआधी १०० दाण्यांची उगवण बघा. ७० उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर त्या मानानं वाढवा. यात निवडणं-पाखडणं बाईकडं येतं, तेही वहीत लिहा.

तिसरी, विक्री. काढणीच्या आठवड्यात सगळे आडतीवर धावतात आणि भाव पडतो. बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवस, ६ टक्के व्याज. ८० हजारांचं सोयाबीन ठेवलं तर ६० हजार हातात आणि सहा महिन्यांचं व्याज १८००. भाव वाढेलच याची हमी नाही, म्हणून सगळा माल अडकवू नका. पण देणेकऱ्याच्या धाकानं काढणीच्या भावात विकायची सक्ती तर संपते. तुमची बाजार समिती ही योजना राबवत नसेल तर संचालकांना विचारा, मतं मागायला येतातच ते.

तीनही गोष्टी वर्षानुवर्षं कृषी विभाग सांगतो. होत का नाहीत? कारण त्यात कागद आहे, तारीख आहे, वाट बघणं आहे, आणि हे सगळं आपल्या वाट्याचं काम आहे. त्यापेक्षा बायकोला शेळ्या घेऊन देणं सोपं.

तसंच बचत गटाचं. कर्ज तिच्या नावावर, हप्त्याच्या बैठकीला ती, आणि पैसा मोटारसायकलला. सगळ्या घरी असं होत नाही, पण किती घरी होतं ते आपलं आपल्याला ठाऊक आहे.

मग जोडधंदा करायचा की नाही? करा. जिरायती शेतीत दुधाचा दहा दिवसांचा पगार किती आधाराचा असतो हे मला कुणी सांगू नका. शेणखत रानाला पाहिजेच. पण तीन अटी घालून करा.

एक, गोठ्याच्या दाराला वही टांगा. कोणी किती तास काम केलं ते रोज लिहा, गावच्या दरानं मजुरी धरा. सहा महिन्यांनी खाली काय उरतं ते बघूनच तिसरी गाय आणा. कदाचित कळेल की कडबाकुट्टी यंत्र आणि मुक्त संचार गोठा ही चैन नव्हती, त्यानं दिवसाचा तास-दीड तास वाचतो. कदाचित कळेल की एकच चांगली गाय पुरे. कष्ट फुकट धरले की ते कमी करायचं कुणाला सुचतच नाही.

दोन, दुधाचं बिल तिच्या बँक खात्यावर. आणि एटीएम कार्ड तिच्याच पिशवीत.

तीन, शेतात तिचं नाव. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं, पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगाव शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. भाषणानं नाही, सातबाऱ्यानं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची शासनाची सोय आजही आहे. तलाठ्याकडं चौकशी करायला एक सकाळ लागते.

आणि प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या, मेळाव्यात बोलणाऱ्या साहेब लोकांना हात जोडून एक विनंती. विद्यापीठाच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात तुम्ही घरची मजुरी बरोबर धरता. मग आम्हाला दाखवायच्या तक्त्यात ती शून्य का? पुढच्या वेळी तो रकाना भरा. नफा कमी दिसेल, टाळ्या कमी पडतील. पण जो धंदा मजुरी धरल्यावर टिकतो, तोच सांगा. आम्ही करू.

तुमच्या गोठ्याचा हिशेब मजुरी धरून मांडा आणि मला पाठवा, नफा असो नाहीतर तोटा. फक्त वही भरायला तिला शेजारी बसवा. तास तिलाच पाठ असतात.