अंधारलेल्या टेस्टरवर विसंबू नका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या बैठकीच्या खोलीतील विजेचे एक बटन नादुरुस्त झाले होते. वायरमनची वाट पाहण्याइतका धीर आम्हांला नव्हता. बोर्डाचे झाकण काढले आणि टेस्टर तारेला लावला. दिवा लागला नाही. 'लाइट गेलेले दिसतात' असे म्हणून आम्ही तारेला हात घालणार, तोच आमचे स्टूल धरून उभा असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, टेस्टर चांगला आहे ना?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. खाली उतरून आम्ही स्वयंपाकघरातील बटन दाबले. तेथील दिवा लख्ख लागला! वीज होती; टेस्टरच मेलेला होता.

हा विद्यार्थी यंत्रमागाच्या घरातला. आमच्या बऱ्हाणपुरात कित्येक मुलांचा अभ्यास मागांच्या खडखडाटातच चालतो. माग थांबला की मजुरी थांबते. मग घाई होते आणि टेस्टर शोधला जातो. म्हणूनच हा विषय वार्षिकात मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

टेस्टरची रचना मोठी मार्मिक आहे. त्याच्या पोटात निऑन वायूची इवलीशी नळी असते आणि तिच्या जोडीला सुमारे 10 लाख ओहमचा रेझिस्टर असतो. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची. टोपीवर बोट टेकले की ती या रेझिस्टरमधून गाळून आपल्या अंगातून जमिनीकडे जाते. तिचा प्रवाह 1 मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असल्याने आपल्याला जाणवत नाही. परंतु ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा हाताने उघडी तार धरली, तर हाच प्रवाह सुमारे हजारपट होतो. घरांसाठी मिळणारे सुरक्षा-स्विच सामान्यतः 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडतात, यावरून या हजारपटीचा अर्थ ध्यानी यावा. आपल्या आणि मृत्यूच्या मध्ये उभा असतो तो तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा! म्हणून टेस्टरने घट्ट स्क्रू पिळणे, तडा गेलेला वा भिजलेला टेस्टर वापरणे, किंवा त्याच्या उघड्या पात्याला बोट लावणे, हा शुद्ध अविचार होय.

टेस्टर उजळला तर वीज आहे असे समजून दूर व्हावे. न उजळला तर मात्र वीज नाही, असे सिद्ध होत नाही. निऑन नळी निकामी झाली असेल, पाते तारेला नीट टेकले नसेल, कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे राहिल्याने उजेड मंदावला असेल, किंवा भर उन्हात तो दिसलाच नसेल. उलट न्यूट्रल तार कोठे तुटली असली, तर तीही टेस्टर उजळविते. तात्पर्य, टेस्टर हा निरोप्या आहे. अभय देणे हे त्याचे काम नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. आधी वीज चालू असल्याची खात्री असलेल्या प्लगमध्ये टेस्टर उजळतो का ते पाहावे. मग मेन स्विच पाडून कामाच्या जागेची प्रत्येक तार तपासावी. आणि शेवटी तोच टेस्टर पुन्हा चालू विजेवर, दुसरीकडे, पारखून घ्यावा. तिन्ही वेळा त्याने खरे सांगितले, तरच तारेला हात लावावा. हेही काम वडीलधाऱ्यांचे. मुलांनी बोर्ड उघडू नये. मागाच्या मोटारीची तीन फेजची जोडणी तर वायरमनवरच सोपवावी.

आम्ही वर्गात ओहमचा नियम पाठ करवून घेतो, त्यावर गुणही देतो. पण 'टेस्टर चांगला आहे ना?' हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आमच्या पाहण्यात आलेला नाही. आमच्या मते तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या, आणि विद्यार्थिनीच्याही, तोंडी असावा. वडिलांना, काकांना, प्रसंगी गुरुजींनाही तो विचारण्यास भिऊ नये. मोठ्यांनीही 'तुला काय कळते?' असे म्हणून मुलाला गप्प करू नये. त्या दिवशी आम्ही तसे म्हटले असते, तर हा लेख लिहावयास आम्ही उरलो नसतो.