चोखंदळ वाचकाच्या कपाटातला मुसलमान

'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न मराठीत मोठ्या आदराने विचारला जातो. 'ललित' मासिकाने 'चोखंदळ वाचकांची निवड' छापण्याची प्रथा पाडली. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंकही हाच प्रश्न प्राध्यापकांना, डॉक्टरांना, नटांना, निवृत्त अधिकाऱ्यांना विचारत आले. ही पाने आम्ही आवडीने वाचतो, पुस्तकांची नावे टिपून ठेवतो. त्याचबरोबर एक गोष्ट मुद्दाम तपासतो. एवढे वाचणाऱ्या या मंडळींच्या वाचनात मुसलमान माणूस येतो तो कुठून?

आम्हाला आढळले ते असे. तो काबूलहून येतो, तेहरानहून येतो, ढाक्याहून येतो. बार्शीहून, चिपळूणहून, लातूरहून तो क्वचितच येतो.

कुठल्याही तालुक्याच्या गावातले बरे वाचनालय घ्या. 'नॉट विदाउट माय डॉटर'ची प्रत पाने सुटेपर्यंत फिरलेली असते. 'काबुलीवाल्याची बंगाली बायको' कपाटात सापडत नाही, कारण ते कायम कुणाच्या तरी घरी असते. खालिद हुसैनी यांची 'द काइट रनर' आणि 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' ही पुस्तके मराठीत येऊनही बरीच वर्षे झाली. तसलिमा नसरीन यांची 'लज्जा' तर त्याही आधीची. ही पुस्तके वाचू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तकावर बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत आम्ही कधी उभे राहिलो नाही आणि राहणार नाही. आमची तक्रार पुस्तकाविषयी नाही. ती वाचून जे मत बनवले जाते त्याविषयी आहे.

ते मत आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. 'वाचून अंगावर काटा आला हो' हे पहिले वाक्य. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. काटा यावा असेच ते लेखन आहे. दुसरे वाक्य येते, 'आपण किती सुखी आहोत ते कळलं.' या 'आपण'मध्ये समोर बसलेला मुसलमान धरलेला नसतो. आणि मग तिसरे वाक्य, थोडा आवाज उतरवून: 'तुमच्यात खरंच असंच असतं का?' पुस्तक काबूलचे असते, मत मोमीनपुऱ्याबद्दल होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एका भगिनीला सहकारी बाईंनी असेच एक पुस्तक वाचायला दिले आणि आठवड्याने हाच प्रश्न केला. ती म्हणाली, 'बाई, मी तासगावच्या पलीकडे राहिलेली नाही. अफगाणिस्तानचं मला काय विचारता?' स्टाफरूममध्ये हशा झाला. प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढच्या वर्षी नव्या पुस्तकासोबत तो पुन्हा आला.

आता या पुस्तकांचे वाचन तरी नीट होते का, तेही पाहू. 'काबुलीवाल्याची बंगाली बायको' लिहिणाऱ्या सुष्मिता बॅनर्जी तालिबानच्या तावडीतून सुटून भारतात आल्या, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्यांच्या कहाणीवर २००३ साली हिंदी चित्रपटही निघाला. पण याच सुष्मिता बॅनर्जी पुढे पुन्हा अफगाणिस्तानात गेल्या, त्याच नवऱ्याबरोबर राहिल्या, तिथल्या बायकांसाठी आरोग्यसेविकेचे काम करू लागल्या आणि सप्टेंबर २०१३ मध्ये पक्तिका प्रांतात बंदूकधाऱ्यांनी त्यांना घरातून नेऊन ठार मारले, हे किती चोखंदळ वाचकांना ठाऊक आहे? सुटून आलेली बाई परत का गेली असेल? त्या देशात, त्या माणसांत तिला परत जावेसे वाटण्याजोगे काय होते? तिला मारणारे कोण होते आणि तिच्यासाठी रडणारे कोण? हा प्रश्न पडला असता तर पुस्तक दुसऱ्यांदा उघडावे लागले असते. पहिल्या वाचनात जे हवे होते ते मिळाले, म्हणून ते मिटले.

'लज्जा'चे तर नवलच. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, त्याचा सूड ढाक्यातल्या दत्त कुटुंबावर कसा उगवला गेला, याची ती कादंबरी. बहुसंख्याकांच्या गल्लीत राहणाऱ्या अल्पसंख्याक घराची भीती त्यात आहे. दाराची कडी वाजली की घरातल्यांचे काय होते, ओळखीची माणसे अनोळखी कशी होतात, हा देश आपला आहे हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा कसे बजावावे लागते, हे सारे त्यात आहे. मराठी वाचकाने ते वाचले आणि तो सुरंजन दत्तसाठी हळहळला. त्याच डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत काय चालले होते? दारांवरच्या पाट्या कुणी काढून ठेवल्या होत्या? 'लज्जा' मनापासून वाचणाऱ्याला ती भीती डोंगरीत आणि जोगेश्वरीतही ओळखता यायला हवी होती. ज्यांना ओळखता आली असे वाचकही आहेत, त्यांना आमचा सलाम. पण 'पाहा, त्यांच्या देशात काय चालतं' एवढेच जे त्या पुस्तकातून घेऊन गेले, त्यांनी कादंबरी वाचली असे आम्ही मानत नाही.

इथवर जे वाचले त्यावर आमच्या मोहल्ल्यातले वाचक माना डोलावतील. त्यांनी थोडे थांबावे. कारण तीच पुस्तके आमच्या घरांतही वाचली जातात, आणि आमच्या वाचकांची मतेही फार निराळी नाहीत.

'काइट रनर' घ्या. श्रीमंत पश्तून घरातला अमीर आणि त्याच घरी नोकराचे पोर म्हणून वाढलेला हजारा जमातीचा हसन. दोघे एकाच अंगणात खेळतात, एकाच दाईचे दूध पितात, एकाच अल्लाहला मानतात. तरीही एक जण लिहायला शिकतो आणि दुसरा त्याचे कपडे इस्त्री करतो. हसनवर गल्लीत अत्याचार होतो तेव्हा अमीर पाहत उभा राहतो, कारण मनात कुठे तरी हिशोब झालेला असतो की हा शेवटी हजाराच आहे. आमचे सुशिक्षित वाचक ही कादंबरी वाचून म्हणतात, 'अफगाण लोक फार रानटी.' बस्स? पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, खाटीक, छप्परबंद ही नावे ऐकली नाहीत का कधी? सोयरीक ठरवताना 'वो लोगां अपने में के नहीं' हे वाक्य कुठल्या काबुलात बोलले जाते? इस्लाममध्ये जात नाही असे व्यासपीठावरून सांगणारे गृहस्थ घरी येऊन मुलीसाठी सय्यद किंवा पठाण स्थळच शोधतात, हे महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने कधीच चव्हाट्यावर मांडले आहे. दलित साहित्याच्या प्रदेशात वाढलेल्या वाचकाला हसन ओळखीचा वाटू नये, याला काय म्हणावे? आणि मोहल्ल्यातल्या वाचकाला तर तो रोज भेटतो. दुकानात पोती उचलतो, लग्नात देगी घासतो.

हीच दृष्टी आपल्या पुस्तकांकडे वळते तेव्हा अधिकच आंधळी होते. हमीद दलवाई हे नाव उच्चारा. एक जण हार घेऊन धावतो, दुसरा जोडा हातात घेतो. दोघांनाही विचारा, 'लाट' मधली एखादी कथा सांगा. दोघेही गप्प. दलवाई १९७७ साली गेले, वयाच्या पंचेचाळिशीत. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी काढला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्यावर भांडणे झाली, अजूनही होतात. व्हावीतही. पण त्याआधी, १९६५ साली, 'इंधन' ही कादंबरी त्यांनी लिहिली होती. कोकणातले गाव, बऱ्याच वर्षांनी तिथे परतलेला एक मुसलमान, घरातले जुने हिशोब, हिंदू-मुसलमानांची एकमेकांत मिसळलेली आणि एकमेकांना खुपणारी जगणी, आणि पाहता पाहता पेटलेला वणवा. या कादंबरीत कुणी निव्वळ साधू नाही आणि कुणी निव्वळ सैतानही नाही. दिलीप चित्रे यांना ती इंग्रजीत न्यावीशी वाटली. आमच्या घरांतून मात्र तिच्याबद्दल एकच प्रश्न ऐकू येतो: 'दीनच्या विरोधात आहे का?' आणि मराठीच्या पुरोगामी दिवाणखान्यातून दुसरा: 'सुधारणेच्या बाजूची आहे ना?' कादंबरी चांगली आहे की वाईट, हे विचारायला दोन्हीकडे कुणी रिकामे नाही.

हे दोन प्रश्न आमच्या प्रत्येक लेखकाच्या मानगुटीवर बसले आहेत. बाईचे दुःख लिहिले तर एक बाजू म्हणते बदनामी केली, दुसरी म्हणते शाब्बास, आणखी लिहा. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आणि सय्यदभाई यांचे 'दगडावरची पेरणी' ही दोन आत्मकथने तलाकपीडितांच्या लढ्याची आतली गोष्ट सांगतात. त्या लढ्यात पुण्या-मुंबईच्या खोल्या आहेत, एसटीचे प्रवास आहेत, पैशांची चणचण आहे, आपल्याच माणसांचे टोमणे आहेत. मुस्लिम स्त्रीची फार काळजी असलेल्या वाचकाने तेहरानला जाण्यापूर्वी पुण्याला उतरायला काय हरकत होती? मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचले जाते. पण ते कुणाच्या तरी बायकोचे आत्मकथन म्हणून. त्यांची कविता, 'वाळूचा प्रियकर', किती जणांनी हातात घेतली? त्यांचे वडील शाहीर अमर शेख यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक समारंभात आठवतात. त्या आवाजामागे 'कलश' आणि 'धरतीमाता' लिहिणारा कवी होता, हे समारंभात सांगितले जात नाही.

आणि मुसलमानाने मुसलमानाविषयीच लिहावे हा कुठला फतवा? शफाअत खान यांची 'मुंबईचे कावळे', 'शोभायात्रा' ही नाटके पाहिलेला आमचा एक स्नेही तक्रार करत होता, 'इसमें अपना क्या है?' अरे भाई, या देशाच्या ढोंगाला हसण्याचा हक्क आहे, तो तुझा नाही का? सलीम सरदार मुल्ला यांनी किशोरांसाठी 'जंगल खजिन्याचा शोध' लिहिली. तिला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. किती मोहल्ल्यांतल्या पोरांच्या हातात ती पडली? पोरांच्या हाती पडतो तो 'छावा', 'पानिपत'. पडू देत. आमच्याही पिढीने त्या कादंबऱ्या रात्र-रात्र जागून वाचल्या. आणि पानिपतावर इब्राहिमखान गारदी पडला तेव्हा, तो आपला म्हणून की मराठ्यांचा म्हणून, हे न ठरवताच डोळे पुसले. मुद्दा एवढाच, की कादंबरीतल्या खलनायकाचे नाव आपल्या नावासारखे आहे हे पाहिलेल्या पोराला, त्याच भाषेत, आपल्या नावाचा साधा, खोडकर, जंगलात हरवणारा लेखकही आहे हे कळायला हवे.

उर्दूवाल्यांचा एक कंपू आहे. त्यांना मराठीत 'अदब' असू शकते हेच पटत नाही. मंटो, इस्मत, कृष्णचंदर यांच्यापुढे तुमचे काय, असे ते विचारतात. त्यांच्या वाचनाबद्दल आम्हाला आदर आहे. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने 'योगसंग्राम' रचला तेव्हा कुणाची परवानगी घेतली नव्हती. लातूर, सोलापूर, सातारा, रत्नागिरीच्या ज्या लाखो घरांत पोरे मराठी शाळेत शिकली, त्यांना नस्तालीक वाचता येत नाही आणि मराठी वाचायची लाज वाटते. त्यांनी काय करावे? मोबाइल पाहावा?

१९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. म्हणजे दोन्ही दारे एकाच वर्षी उघडली होती. त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. त्यात कच्चे, पाट्या टाकलेले, एकाच तलाकाची शंभरावी कथा सांगणारेही बरेच आहे. ते आम्ही झाकून ठेवणार नाही, कारण वाईट पुस्तकाची पाठराखण हीसुद्धा न वाचण्याचीच एक रीत आहे. पण चांगले काय, वाईट काय, हे सांगायला वाचलेला माणूस लागतो. संमेलनाच्या मांडवात पुस्तकांच्या टेबलापाशी भेटतो तो म्हणतो, 'एक कॉपी दे ना भाई, पढ के बताता.' वलीम्यात हजार पाने उठवणारा माणूस दीडशे रुपयांच्या पुस्तकाला 'पढ के बताता' म्हणतो, आणि पढतही नाही, बताताही नाही.

यावर उपाय अवघड नाही, म्हणूनच राग येतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये हजारोंनी आहेत. दरवर्षी त्यांना नवी पुस्तके घ्यावीच लागतात. काय घ्यायचे, हे बरेचदा वाचक काय मागतात त्यावर ठरते. कोकणातल्या एका वाचनालयात आम्ही 'इंधन' मागितले, तर ग्रंथपाल म्हणाले, 'इथं ते कुणी मागत नाही.' त्यांचे चुकले नव्हते. मागणीची वही त्यांनी उघडून दाखवली. वहीत आमच्या आळीतली आठ-दहा नावे होती. त्यांनी मागितलेली पुस्तके म्हणजे दोन पाककृतींची, एक शेअर बाजाराचे, स्पर्धा परीक्षेची चार आणि काबूलची दोन.

तेव्हा या अंकाच्या वाचकांनी येत्या महिन्यात एवढे करावे. आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी. ती एका बिर्याणीच्या थाळीहून जास्त नसते. मागणीच्या वहीत 'इंधन' लिहावे, 'लाट' लिहावे, 'वाळूचा प्रियकर' लिहावे, 'दगडावरची पेरणी' लिहावे, मुलासाठी 'जंगल खजिन्याचा शोध' लिहावे. पुस्तक आले की वाचावे, आणि आवडले नाही तर का आवडले नाही ते दोन पानांत लिहून या अंकाकडे पाठवावे. शिव्या असल्या तरी चालतील, पण पुस्तकातले पान कोणते ते नमूद करावे.