भिंतीवरचा शत्रुंजय



कार्तिक पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरात पालिताण्याचा विषय निघतो. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा सुरू होते. ज्यांना जाता येत नाही ते आपापल्या गावी संघाने मांडलेला मोठा पट जुहारायला जातात. तळेटीपासून आदिनाथदादांच्या टुंकेपर्यंतचा सारा डोंगर त्यावर असतो, आणि त्याच्यासमोर उभं राहून भावयात्रा करायची.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. साडेतीन हजारांहून जास्त पायऱ्या त्यांनी एकेकाळी पायी चढलेल्या. आता पलंगावरून उठणंही होत नाही. गेल्या वर्षी म्हणाल्या, "सूनबाई, पट इथेच आणता येईल का गं?"

मुलाने लगेच तीन फूट बाय चार फुटांची काचेची फ्रेम करायची ठरवली. फ्रेमवाल्याने ६,५०० रुपये सांगितले. मी हिशेब मांडायला बसले, तर तो म्हणाला, "आई, देवाच्या कामात कसला हिशेब?"

माझं मत नेमकं उलटं आहे. देवाच्या कामात हिशेब आधी हवा. आणि तो फक्त रुपयांचा नव्हे.

पहिला हिशेब वजनाचा. बारा चौरस फुटांची तीन मिलिमीटर काच एकटीच आठ किलोंच्या वर भरते. वर लाकूड आणि मागची फळी. हे ओझं आजारी माणसाच्या खोलीत खिळ्यावर टांगायचं? शिवाय ट्यूबलाइट काचेत चमकते. पडल्या जागेवरून सासूबाईंना दादा नाही, ट्यूबलाइटच दिसली असती.

दुसरा हिशेब जयणेचा. फ्रेम नको म्हणून पुष्कळजणी पोस्टर सरळ भिंतीला चिकटवतात. पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते. खळीवर कसर लागते, मागे कोळी आणि पालीची अंडी. मग साफ करताना हातून हिंसा होते. शिवाय टेपने रंगाचे पोपडे निघतात ते वेगळंच. जे उचलून मागे बघता येत नाही, ते भिंतीवर लावू नये, असा मी घरात नियमच केला आहे.

तिसरा हिशेब शेवटाचा. फ्लेक्स स्वस्त मिळतं, पण ते प्लास्टिक. रंग उडाल्यावर ते कुजत नाही, आणि देवाचं चित्र कचऱ्यात टाकवतही नाही. विकत घेतानाच विचारावं, हे जुनं झाल्यावर कुठे जाणार?

आपल्या पूर्वजांनी याचं उत्तर कधीच शोधलं होतं. जुने तीर्थपट कापडावर रंगवलेले असत. दर्शनाला उलगडायचे, मग गुंडाळून ठेवायचे. आपल्या शाळेतले नकाशे आठवा. वर काठी, खाली काठी, मध्ये दोरी. तेच मी केलं.

सुती कापडावर, चमक नसलेली छपाई करून घेतली: ९०० रुपये. वर-खाली जास्तीचं दोन-दोन इंच कापड ठेवायला सांगितलं होतं, त्याचा घरीच मशीनवर नेफा शिवला. पडद्याचे दोन पाइप २४० रुपये. वरच्याला दोरी, खालच्याच्या वजनाने कापड ताठ राहतं. दोन हुक ४० रुपये. एका हुकावर पट तिरका होतो. एकूण १,१८०. कागदाचं पोस्टर असेल तर नेफ्याऐवजी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये कड धरून स्क्रू मारावेत.

जागा निवडताना उन्हाची भिंत टाळली, नाहीतर रंग उडतो. पायांच्या दिशेलाही लावला नाही, आशातना होते. पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर, कुशीवर वळलं की दिसेल असा लावला. त्यासाठी मी स्वतः आधी पलंगावर पडून पाहिलं.

हा पट म्हणजे प्रतिष्ठित मूर्ती नव्हे, भावाचं साधन आहे. म्हणून चातुर्मास बसला की मी तो जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून ठेवते आणि कार्तिक पौर्णिमेला उघडते. रोज डोळ्यांसमोर असलं की काही दिवसांनी दिसेनासं होतं. चार महिन्यांनी उघडलं की पुन्हा दर्शन घडतं.

उरलेले ५,३२० रुपये सासूबाईंच्या हाताने जीवदयेला दिले. मुलगाच पावती घेऊन आला.

गेल्या पौर्णिमेला सकाळी पट सोडला तेव्हा सासूबाई कुशीवर वळल्या आणि तळेटीपासून बोट हलवत वर गेल्या. मध्येच थांबल्या. मी विचारलं, "काय झालं, आई?"

"काही नाही गं," त्या म्हणाल्या, "इथे मी नेहमी जरा बसायची."

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.