विश्लेषण : विद्यापीठ ग्रंथालयाचे पान सत्कारासाठी की विद्यार्थ्यांसाठी?

हजारो नियतकालिके विकत घेतली गेली, शोधप्रबंध ऑनलाइन आले. पण ते विद्यार्थ्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचवणार कोण? समाजमाध्यमे ग्रंथालयांना हे काम स्वस्तात करून देऊ शकतात. अट एकच, ती नीट वापरली पाहिजेत.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा आवाका आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठेही या कक्षेत येतात. एवढी मोठी खरेदी झाल्यावर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीला तिच्या विषयाची कोणती नियतकालिके आता मोफत उघडतात, हे कुणीतरी सांगायला हवे. ते काम ग्रंथालयाचे.

प्रत्यक्षात अनेक विद्यापीठ ग्रंथालयांच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पानावर काय दिसते? जयंतीनिमित्त प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची भेट, कार्यशाळेचा सामूहिक फोटो. हे सगळे असायला हरकत नाही. पण पुस्तक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून काहीच मिळत नाही. मग तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो, ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ आणि तिथे जे मिळेल ते घेतो.

मुळात गरज कुणाला आहे?

विद्यापीठाचा प्रत्येक विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नसतो. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत जाते. सावंतवाडीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलासाठी राजाबाई टॉवरखालचे किंवा कलिना संकुलातले ग्रंथालय सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. ‘मी संलग्न महाविद्यालयात आहे, मला विद्यापीठाचे ई-साहित्य वापरता येईल का?’ एवढा एक प्रश्न विचारायला त्याने मुंबईला जावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

शहरातल्या विद्यार्थ्याचीही अडचण आहेच. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत जागा आहे का, देवघेव काउंटर किती वाजेपर्यंत सुरू आहे, ‘नो ड्यूज’साठी कोणती कागदपत्रे लागतात, या साध्या गोष्टींसाठी हेलपाटे पडतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालून त्याची छायाचित्रे टाकणाऱ्या पानाने वर्षभर हे चौथे सूत्र पाळले, तर ते अधिक मोठे अभिवादन ठरेल.

ग्रंथालयाने नेमके काय करावे?

पहिले काम उत्तरे देण्याचे. प्रत्येक ग्रंथालयात संदर्भ विभाग असतो. विद्यार्थी येतो, विचारतो, ग्रंथपाल वाट दाखवतो. हाच विभाग मोबाइलवर आला पाहिजे. प्रश्न आला की ठरलेल्या वेळेत उत्तर, आणि तोच प्रश्न वारंवार येत असेल तर त्याची एक स्वतंत्र पोस्ट. उदाहरणार्थ, संशोधक विद्यार्थ्यांना साहित्यचौर्य तपासणीची धास्ती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची त्या मोजणीत धरली जात नाहीत. एवढी माहिती चार ओळींत दिली, तरी अनेकांचे दडपण कमी होईल.

दुसरे काम वापर शिकवण्याचे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले. ही नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात, पण त्यात शोध कसा घ्यायचा हे दाखवणारे कुणी नसते. दीड मिनिटाचा मराठी व्हिडिओ हे काम करू शकतो: विषय असा टाका, वर्ष असे निवडा, प्रकरण इथून उतरवा. बाहेरून लॉगइन कसे करायचे, याचा दुसरा व्हिडिओ. एकदा केलेला व्हिडिओ दरवर्षी नव्या तुकडीला उपयोगी पडतो.

तिसरे काम संग्रह उघडण्याचे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये ३,००० हून अधिक जुनी छायाचित्रे ‘फ्लिकर’वर ठेवली. लोकांनी त्यातली ठिकाणे, माणसे, प्रसंग ओळखले. ग्रंथालयाने ती माहिती तपासून आपल्या नोंदींत घेतली. आपल्या विद्यापीठांकडेही जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, दुर्मीळ नियतकालिके आहेत. पदवीदान समारंभाच्या जुन्या फोटोतले चेहरे ओळखणारे माजी विद्यार्थी आज फेसबुकवर आहेत, आणि काही वर्षांनी ते सांगायला नसतील.

कोणते माध्यम कशासाठी?

सगळीकडे एकच पोस्टर चिकटवून उपयोग नाही. तातडीच्या सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप सोयीचे. पण त्यातही ग्रुप आणि चॅनेल यांत फरक आहे. ग्रुपमध्ये सदस्यांचे मोबाइल क्रमांक एकमेकांना दिसतात. शेकडो अनोळखी मुलामुलींच्या ग्रुपमध्ये हा गंभीर धोका आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या चॅनेलमध्ये फॉलोअरचा क्रमांक इतर फॉलोअरना दिसत नाही. त्यामुळे सूचनांसाठी चॅनेलच योग्य.

प्रशिक्षणासाठी यूट्यूब, नव्या पुस्तकांच्या ओळखीसाठी इन्स्टाग्राम, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी फेसबुक, अशी विभागणी करता येते. मनुष्यबळ कमी असेल तर एकच माध्यम निवडावे, पण ते रोज पाहावे. वर्षभर न उघडलेली चार पाने असण्यापेक्षा हे बरे.

आणखी एक बाब हमखास विसरली जाते. सूचना फक्त पोस्टरच्या चित्रात असेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. चित्रासोबत तोच मजकूर टाइप करून देणे हा दोन मिनिटांचा खर्च आहे. व्हिडिओला मराठी उपशीर्षके दिली, तर कर्णबधिर विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडतो.

पीडीएफचे काय?

इथे ग्रंथालयाची खरी कसोटी लागते. चालू क्रमिक पुस्तकाची स्कॅन प्रत टेलिग्रामवर सहज मिळते आणि विद्यार्थी ग्रंथालयाकडूनही तीच अपेक्षा करतात. ग्रंथालयाने ती पूर्ण करू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, कोचिंगचे साहित्य परवानगीविना वाटणाऱ्या चॅनेलची माहिती उघड करण्याचे आदेश टेलिग्रामला दिले होते. तिथे नाव लपते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पण नुसते ‘हे बेकायदा आहे’ म्हणून ग्रंथालयाला हात झटकता येणार नाहीत. मुले पीडीएफ शोधतात, कारण पुस्तक महाग असते किंवा त्याच्या दोनच प्रती असतात आणि दोन्ही बाहेर गेलेल्या असतात. अशा वेळी ग्रंथालयाने पर्याय सांगावा: या विषयावरचे मुक्त परवान्याचे अमुक पुस्तक आहे, हा प्रबंध शोधगंगेवर आहे, आणि मूळ पुस्तकासाठी आरक्षण असे नोंदवा. एकाच पुस्तकाची मागणी वारंवार येत असेल, तर ती खरेदी समितीपुढे ठेवण्याजोगी माहिती आहे.

खासगीपणा कोण जपणार?

कोण काय वाचतो, ही वाचकाची खासगी बाब आहे. ‘सर्वाधिक पुस्तके नेणारा वाचक’ म्हणून कौतुक करतानाही त्याची संमती घ्यायला हवी. मानसिक आरोग्य, लैंगिकता किंवा राजकारण या विषयांवरचे पुस्तक मागणाऱ्याला उत्तर खासगी संदेशातच गेले पाहिजे. दंड थकलेल्यांची यादी नाव आणि हजेरी क्रमांकासह ग्रुपवर टाकणे तर पूर्णपणे बंद व्हायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने याबाबतची जबाबदारी संस्थांवर टाकली आहेच. पण कायदा नसता तरी पन्नास रुपयांच्या दंडासाठी कुणाला चारचौघांत लाजवणे योग्य ठरले नसते.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो रास्त आहे. पदे रिक्त असताना देवघेव, खरेदी, मूल्यांकनाचे अहवाल हे सगळे सांभाळून समाजमाध्यमे कोण पाहणार? ‘जमेल तसे करा’ असे तोंडी सांगितले, की ते काम कुणाचेच राहत नाही. ते एका व्यक्तीच्या कामाच्या यादीत लेखी आले पाहिजे आणि त्यासाठी रोजचा एक तास मोकळा करून दिला पाहिजे. व्हिडिओ आणि मांडणीसाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांची मदत घेता येईल. उत्तरांची जबाबदारी मात्र प्रशिक्षित ग्रंथपालाकडेच हवी.

दुसरा आक्षेप असा, की मुले आधीच मोबाइलमध्ये बुडालेली आहेत. ग्रंथालयाने तरी त्यांना तिथे बोलावू नये. यातली काळजी खरी आहे. म्हणूनच रोज दहा पोस्ट टाकून लक्ष वेधण्याच्या शर्यतीत ग्रंथालयाने उतरू नये. आठवड्याला तीन नेमक्या सूचना पुरतात. त्यातली प्रत्येक सूचना वाचकाला पुस्तकाकडे, लेखाकडे किंवा वाचनकक्षाकडे नेणारी असावी.

तिसरी बाब टिकाऊपणाची. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये गुंडाळले गेले, टिकटॉकवर २०२० मध्ये भारतात बंदी आली. समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. त्यामुळे मूळ माहिती, व्हिडिओ आणि छायाचित्रे विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हरवर आणि संकेतस्थळावर असावीत. खाते संस्थेच्या ईमेलवर काढावे आणि पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. ज्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पान सुरू झाले, तो कर्मचारी निवृत्त होताच पान बंद पडते, हे टाळता येण्यासारखे आहे.

यश मोजायचे कसे?

लाइक मोजणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. सत्काराच्या फोटोला सहकाऱ्यांचे शंभर लाइक मिळतील. बाहेरून लॉगइन कसे करावे, या पोस्टला कदाचित सातच. पण त्या सातांपैकी चौघांनी त्याच रात्री घरून शोधनिबंध उतरवला असेल, तर काम झाले. महिन्याला किती प्रश्न आले, किती वेळात उत्तरे गेली, किती पुस्तकांना आरक्षण मिळाले आणि ई-नियतकालिकांचा वापर वाढला का, हे चार आकडे पुरेसे आहेत. यातले ई-नियतकालिकांचे आकडे प्रकाशकांच्या वापर अहवालांत मिळू शकतात. बाकीच्यांसाठी एक साधी वही पुरते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची मंजूर मुदत २०२७ अखेर संपते. त्यानंतर या खर्चाचा उपयोग किती झाला, हे विचारले जाणारच. त्या वेळी ‘विद्यार्थ्यांना माहीतच नव्हते’ असे उत्तर देण्याची पाळी विद्यापीठांवर येऊ नये. त्यासाठी नव्या इमारतीची, मोठ्या निविदेची गरज नाही. येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयाने आपल्या पानावर तीन गोष्टी टाकाव्यात: तुम्हाला कोणती नियतकालिके मोफत मिळतात, ती घरून कशी उघडायची आणि अडले तर कुणाला विचारायचे. सत्काराचे फोटो त्यानंतरच्या आठवड्यात टाकले तरी चालतील.