दोन बोटांची किंमत चाळीस हजार?

माझ्या मामाच्या उजव्या हाताला आता तीनच बोटं आहेत. 2022 साली उद्यमबागमधल्या एका छोट्या वर्कशॉपात प्रेसखाली दोन गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर चाळीस हजार दिले आणि एका स्टँपपेपरवर सही घेतली. कागद कन्नडमध्ये. मामा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. “सगळं मिटलं असं लिहिलंय, कर सही,” म्हणाले. त्यानं केली.

आता तुम्ही म्हणाल, बघा, कन्नडसक्तीचा आणखी एक बळी. थांबा. मालक मराठीच आहे. गणपतीत आमच्या गल्लीत आरतीला येतो. म्हणून हा लेख लिहायला मला जरा जड जातंय.

मी राज्यशास्त्र शिकते. गेल्या वर्षी कामगार कायद्यांवर प्रोजेक्ट करताना 1923 चा नुकसानभरपाई कायदा पहिल्यांदा नीट वाचला. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा. अंगठा 30 टक्के. एका हाताची दोन बोटं 20 टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण हिशोब सरळ आहे. पगाराच्या 60 टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, आणि त्यातले हे टक्के.

मामाचं वय तेव्हा 45, पगार 14,000. त्याचे 60 टक्के 8,400. वयाचा आकडा 169.44. गुणाकार 14,23,296. त्याचे 20 टक्के म्हणजे 2,84,659 रुपये. मिळाले चाळीस हजार. तेही उपकार केल्यासारखे.

मग त्या सहीचं काय? कायदा म्हणतो, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड झाली असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे ज्या कागदाला आम्ही तीन वर्षं भीत होतो, त्याची किंमत रद्दीएवढी होती.

पण दाव्याची मुदत दोन वर्षांची. ती आम्ही न कळता घालवली. उशिराचं योग्य कारण पटवून दिलं तर दावा घेता येतो, एवढीच आशा उरली आहे.

आता परिस्थिती बदलतेय, ते पण सांगते. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात गेला. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा असं संहितेत स्पष्ट लिहिलंय. सुप्रीम कोर्टानं जुन्या कायद्याचा तसाच अर्थ जुलै 2025 मध्ये लावला. ती केस मराठवाड्यातली. साखर कारखान्याचा वॉचमन 2003 साली पहाटेच्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत गेला. त्याच्या घरच्यांना न्याय मिळायला 22 वर्षं लागली. हक्क कागदावर असणं आणि हातात पडणं, यात हे एवढं अंतर असतं.

आणखी दोन खटकणाऱ्या गोष्टी. एक, हिशोबात पगार कितीही असला तरी 15,000 पर्यंतच धरायचा, ही मर्यादा 2020 साली ठरली. महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. पंचवीस हजार कमावणारा वेल्डर भरपाईपुरता पंधरा हजाराचा होतो. दोन, डिलिव्हरी करणारी आपली पोरं. कंपनी त्यांना कामगार म्हणतच नाही, पार्टनर म्हणते. कर्नाटकानं 2025 मध्ये गिग कामगारांसाठी वेगळा कायदा केला, कल्याण निधीची सोय केली, हे चांगलंच. पण मालकानंच भरपाई द्यायची, ही जबाबदारी त्यातून येत नाही.

मग भाषेचा प्रश्न नाहीच का? आहे. घटनेच्या 350 व्या कलमानुसार आपण गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडू शकतो. मराठीत अर्ज देणं ही कुणाची मेहरबानी नाही. मामाला तो कागद मराठीत वाचायला मिळाला असता तर त्यानं निदान कुणाला तरी विचारलं असतं. न कळणारी भाषा मालकाच्या सोयीची पडते, मालक कन्नड असो की मराठी.

म्हणून माझं म्हणणं आपल्याच लोकांना आहे. 1 नोव्हेंबरच्या फेरीत मामा दरवर्षी चालतो, हजेरी बुडवून. त्याच्यासारखे किती जण असतात ते आपण बघतोच. त्यांच्या बोर्डावरच्या भाषेसाठी आपण भांडतो, भांडायलाच पाहिजे. पण त्यांच्या बोटांसाठी कोण भांडणार? मराठी कामगाराला मराठी मालकानं फसवलं की आपण गप्प बसायचं, हे बरोबर नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे. घरात कुणी कारखान्यात असेल तर आज विचारा, ईएसआयचा नंबर आहे का? दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात 21,000 पर्यंत पगार असलेल्याला तो मिळायलाच हवा. आणि ईएसआय असेल तर भरपाईही तिथूनच मिळते. अपघात झाला की लगेच लेखी कळवा, दवाखान्याचे कागद जपा, न कळणाऱ्या कागदावर सही नको. ठेकेदाराकडून कामाला असलात तरी मूळ मालकाकडे मागता येतं. आणि सीमाभागासाठी सगळ्यात महत्त्वाचं : दावा अपघाताच्या गावीच लावला पाहिजे असं नाही, राहत्या ठिकाणीही लावता येतो. खानापूरचा पोरगा वेर्ण्यात जखमी झाला तर त्यानं गोव्याला खेटे घालायची गरज नाही.

मामा आधी नको म्हणत होता. “आपलाच माणूस हाय, कशाला कोर्टात ओढायचं?” मी त्याला तो गुणाकार वहीवर करून दाखवला. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “मराठीत लिही अर्ज. मला वाचता आला पाहिजे.”

अर्ज लिहून झालाय. या आठवड्यात देतोय.